कागद चार फेऱ्या घेतो

सोमवार, ९ एप्रिल २००७
बोरगाव मेघे

यंत्र आले. आकाराने आमच्या पोळ्यांच्या डब्याएवढे. भावनाने ते समोरच्या खोलीत टेबलावर ठेवले, वर स्वच्छ टॉवेल घातला आणि म्हणाली, "बाबा, हा सब्लिमेशन प्रिंटर आहे. याले कोणी थपडा मारायच्या नाईत." आमच्या घरी टीव्हीला थपडा मारण्याची पद्धत आहे, म्हणून तिने हे सांगितले.

सब्लिमेशन म्हणजे संप्लवन. मी कोशात पाहिले. घन पदार्थ मध्ये द्रव न होता थेट वायू होतो, कापूर उडतो तसा. या यंत्रात रंगाची रिबन तापते, रंग उडतो आणि कागदात जाऊन बसतो. कापराशी आमच्या घराने १९५६ साली संबंध तोडला. तो विज्ञानाच्या वाटेने परत येईल असे वाटले नव्हते.

तीस वर्षे मी मंडपामंडपांतून सांगत आलो की आपल्या मुलांनी खुर्चीचे स्वप्न सोडावे आणि स्वतःचा धंदा उभा करावा. टाळ्या भरपूर पडत. कोणी ऐकत असेल अशी मला कल्पना नव्हती. भावना ऐकत होती. तिने कॉलेजच्या ऑफिसातल्या नोकरीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. ४ मेला रजा संपते. त्या दिवशी ती एकतर खुर्चीवर परत बसेल किंवा राजीनामा देईल. राजीनाम्याचा मसुदा मी तयार केला आहे. चार पाने झाली.

तिचा धंदा असा: लग्न, बारसे, सत्कार जिथे असेल तिथे यंत्र घेऊन जायचे आणि जागेवरच फोटो छापून हातात द्यायचा. पहिले मोठे काम मिळालेही. अल्लीपूरचे लक्ष्मणराव दुपारी आले होते. बुद्धपौर्णिमेला, २ मे रोजी, तिथे सामूहिक विवाह आहे. एकवीस जोडपी. प्रत्येकाला जेवणाआधी चौकटीतला फोटो हातात हवा. मागच्या वर्षीच्या फोटोग्राफरने चार महिन्यांनी फोटो आणून दिले, तोवर एक नवरी माहेरी निघून गेली होती आणि फोटो कोणी घ्यावा यावर बैठक बसली.

"बाई, हे काम जमलं त पुढच्या वर्षीचे चारही मेळावे तुलेच," लक्ष्मणराव भावनाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, प्रमुख वक्ते तुम्हीच. नवरदेवांना व्यसनमुक्तीची शपथ देणारेही तुम्हीच. फक्त वीस मिनिटं."

जिल्ह्यात दारूबंदी असल्याने दारू सोडण्याची शपथ नवरदेवांना सोपी जाते. अडते ती खर्ऱ्यापाशी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीपाशी.

मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. बेचाळीस हजार पुस्तके या हातांखालून गेली. म्हणून यंत्राचे कागदखाते माझ्याकडे असेल, हे मी जाहीर केले. कोणी विरोध केला नाही.

बुधवार, ११ एप्रिल

पहिली चाचणी. यंत्राने कागद घेतला नाही. लाल दिवा लागला. संगणकावर अक्षरे आली: कागद नाही. कागद होता. मला दिसत होता. आयुष्यभर मी खोटे बोलणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बोललो, पण समोर ठेवलेल्या वस्तूला इतक्या शांतपणे नाकारणारी व्यवस्था प्रथमच पाहिली.

भावनाने गजेंद्रला फोन लावला. हा वर्ध्यात संगणक दुरुस्त करतो, आणि यंत्र त्याच्याच दुकानातून घेतले आहे. तो म्हणाला, "ताई, चमकती बाजू वर आहे ना?"

चमकती बाजू खाली होती. चित्राचा पृष्ठभाग खाली ठेवावा म्हणजे धूळ बसत नाही, हा ग्रंथालयाचा नियम आहे. यंत्राला नियम माहीत नाही.

कागद उलटवल्यावर पहिला फोटो निघाला. जिजा, म्हणजे भावनाची आई, मोढ्यावर बसून पाहत होती. कागद आत गेला, पिवळा होऊन बाहेर आला. पुन्हा आत गेला, गुलाबी घेऊन आला. तिसऱ्या फेरीला निळा. चौथ्या फेरीला सगळ्यावर चकाकीचा पारदर्शक थर. आमच्या लग्नात फेरे नसतात. या कागदाला मात्र चार लागतात.

"चार खेपा आतबाहेर करते अन् मंग एक काम करते," जिजा म्हणाली. "तुमच्यावाणीच आहे."

बाकीचे कागद मी आतल्या खोलीत नेऊन नीट लावले. उकाड्याने डोके जड झाले, म्हणून चिमूटभर औषध घेतले.

(या वहीत औषधाचा उल्लेख वारंवार येतो, म्हणून खुलासा. १९९४ साली अल्लीपूरच्याच मंचावर, दोनशे लोकांसमोर मी खर्रा सोडला. तो सुटला तो सुटला. पुढे डोके जड राहू लागले, तेव्हा एका वैद्याने नाकातून ओढायचे हे औषध सुचवले. वैद्य आता हयात नाहीत. औषध कोणत्याही पानठेल्यावर मिळते.)

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. भाषणे दोन. दोन्हीकडे ध्वनिक्षेपक चांगला होता.

सोमवार, १६ एप्रिल

कागद अर्ध्यात अडकू लागला आहे. पिवळा होतो, गुलाबी होतो आणि नेमका निळ्याच्या फेरीला रबरी रोलर नुसताच फिरतो, कागद जागचा हलत नाही. आज तीन वेळा असे झाले. निळा येण्याआधीच सगळे थांबते, यावर एक स्वतंत्र भाषण होऊ शकेल. टिपण काढून ठेवले.

त्यातला एक फोटो जिजाचा होता. तिने तो उन्हात धरून पाहिला. "हळद लागल्यासारखी दिसून राह्यली मी. त्या वक्ती त बोहल्यावरही नोती लागली."

चौथा कागद अडकला तेव्हा वीजही गेली. वीज आपल्याकडे रोज सहा तास जाते आणि त्याला वेळापत्रक आहे, म्हणजे ते सुव्यवस्थित आहे. भावना म्हणाली, "बाबा, ओढू नोका. वीज आली की तो आपोआप बाहेर टाकते." मी वाट पाहिली. साधारण अर्धा मिनिट. मग ओढला. एक कोपरा आतच राहिला.

बुधवार, १८ एप्रिल

गजेंद्र येऊन गेला. चिमट्याने कोपरा काढला, बॅटरीच्या उजेडात आत पाहिले आणि कूलरकडे बोट दाखवले.

"हाच तुमचा दुश्मन. ओली हवा सीधी कागदावर. कागद फुगते, रोलर घसरते."

मग त्याने नियम सांगितले. ट्रेमध्ये दहाच कागद. लावायच्या आधी गड्डी पत्त्यांसारखी फुलवायची. कागद कडेने धरायचा, चमकत्या बाजूला बोट लावायचे नाही. रोलर स्पिरिटने पुसायचा. मी त्याला सांगितले की बेटा, मी बेचाळीस हजार पुस्तके हाताळली आहेत. तो म्हणाला, "काका, पुस्तक एका जागी बसून राह्यते. कागदाले इथं चालावं लागते."

उत्तर चांगले होते. मला सुचायला हवे होते.

रोलर पुसल्यावर कापसावर तांबूस रंग आला. गजेंद्रने कापूस उलटसुलट करून पाहिला. "एवढी माती कुठून येऊन राह्यली?" मी खिडकीकडे बोट दाखवले. समोर बांधकाम चालू आहे.

कूलर बंद केला. बाहेर चव्वेचाळीस अंश. आम्ही तिघे कागदासाठी घाम गाळत बसलो. दोन फोटो नीट निघाले आणि तिसऱ्याला यंत्र स्वतःहून थांबले. संगणकावर अक्षरे आली: थंड होईपर्यंत थांबा. एकंदरीत यंत्राला गारवा चालत नाही आणि उष्माही चालत नाही. आम्हाला आजवर दोन्ही चालत आले.

शेवटी कूलर भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंत थंड आहे.

शुक्रवार, २० एप्रिल

कागदातला ओलावा घालवण्यासाठी मी दोन पाकिटे गच्चीवर उन्हात ठेवली. ग्रंथालयात आम्ही दर एप्रिलला पुस्तकांना ऊन देत असू. अर्ध्या तासात कागदांचे पापड झाले. भावनाने ते पाहिले. काही बोलली नाही. तिच्या आईचा हा गुण तिच्यात आला आहे, आणि तो मला अजिबात आवडत नाही.

सोमवार, २३ एप्रिल

आज जे केले ते लिहितो, कारण दुसरीकडे कुठेही ते बोलता येणार नाही.

कॉलेजात गेलो होतो. हेडक्लार्क रूपराव माझे जुने सहकारी. त्यांच्यासमोर बसलो, दुष्काळापासून वेतन आयोगापर्यंत सगळे बोलून झाले, आणि मग सहज विचारले की भावनाची जागा अजून रिकामीच आहे का.

रूपराव हसले. "सर, मागच्या गॅदरिंगले तुम्हीच त म्हटलं होतं, खुर्ची म्हणजे बिब्ब्याचा डाग, बसला की निघत नाई. मी घरी जाऊन बायकोले सांगतलं होतं हे वाक्य."

"ते भाषण होतं, रूपराव."

"मंग हे काय आहे?"

"चौकशी."

चार तारखेपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. भावनाला सांगू नका, असे मी सांगितले. हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दुसऱ्यांदा विचारावे लागले. ज्याला शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिक्षेपक लागत नाही, त्याचा आवाज एका टेबलापलीकडे जाईना.

अठ्ठावीस वर्षांची मुलगी. फोटोचा धंदा. एक यंत्र, आणि त्याला कागद गिळता येत नाही. हजारो तरुणांना मी या वाटेवर ढकलले आणि घरी येऊन शांत झोपलो. त्यातल्या एकाच्याही घरी परत जाऊन चौकशी केली नाही.

परतताना वाटेत दोनदा औषध घेतले.

गुरुवार, २६ एप्रिल

मंगळवार-बुधवार पुलगावला व्याख्यानमाला होती. परत आलो तर घरात वेगळेच वातावरण. दोन दिवसांत भावनाने चौसष्ट फोटो छापले, एकही कागद अडकला नाही. शेजारच्या शकुंतलाबाईंच्या घरच्या बारशाचे फोटो पाहुणे जेवायला बसण्याआधी हातात पडले. जिजा म्हणाली, "पोरगी मशीनशी बोलत होती. गाणं गात होती."

कारण उघड आहे. दोन दिवस वीजकपातीची वेळ बदलली होती.

आज दुपारी मी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत बसून कागद फुलवले, ट्रे भरून दिला. चौथाच कागद अडकला. वीज पुन्हा जुन्या वेळेवर आली आहे. वीजमंडळाला पत्र लिहायला घेतले.

शुक्रवार, २७ एप्रिल

शकुंतलाबाई पासबुकासाठी फोटो काढून गेल्या होत्या, तो घेऊन परत आल्या. गालावर तीळ.

"हा तीळ माहा नोय वो माय."

"काकू, धूळ बसली असन," भावना म्हणाली. "दुसरा काढून देतो."

"बँकवाला म्हणन, तीळ कुठं गेला?"

भावनाने बारकाईने पाहिले. माझे ग्रंथालयातले भिंग मागितले. कागदावर बारीकसा तपकिरी ठिपका होता, आणि त्यावर चकाकीचा थर बसला होता. नखाने निघेना. थराखाली कायमचा बंद झाला होता. मग तिने ट्रेमधला कोरा कागद उचलला, कडेने धरून उजेडात तिरपा केला आणि नाकाजवळ नेला.

तिला शिंक आली. एक नाही, तीन. उन्हाची बाधा असावी. तिला कांद्याचे पाणी घ्यायला सांगितले.

"बाबा," ती म्हणाली, "आतल्या खोलीत कागद तुम्हीच लावता ना?"

"मीच."

"अन् हात?"

"हात काय?"

तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "काही नाई. अल्लीपूरले तुम्ही फक्त भाषणाकडे लक्ष द्या. कागद मी पाहतो."

मला हे लागले. जबाबदारी काढून घेणे आणि अविश्वास दाखवणे यातला फरक मी तिला समजावून सांगितला. वीस मिनिटे तरी बोललो असेन. ती रोलर पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं." या शब्दाचा अर्थ आमच्या घरात आजवर लागलेला नाही.

सोमवार, ३० एप्रिल

भाषण तयार. विषय: व्यसन आणि गुलामी. जिजाला वाचून दाखवले. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "चांगलं आहे. तुमाले लागू होते."

सगळ्यांनाच लागू होते, असे मी म्हणालो. तोच भाषणाचा मुद्दा आहे.

गुरुवार, ३ मे

काल वहीला हात लावायची ताकद नव्हती. आज क्रमाने लिहितो.

बुधवारी पहाटे लवकर उठलो. भावना दोन रात्री नीट झोपली नव्हती, तिला त्रास नको म्हणून तिन्ही ट्रे मीच भरून ठेवले. पाकिटे उघडली, गड्ड्या फुलवल्या, काठ जुळवले. कागद कडेने धरला. मध्ये मध्ये औषध घेत होतो, कारण भाषणाआधी मला ते लागतेच. ती उठली तेव्हा सगळे तयार होते. तिने ट्रेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पिशवी भरली. मला वाटले, भारावली.

अल्लीपूरला मोठा मंडप. पांढऱ्या कपड्यांत एकवीस जोडपी ओळीने बसली होती. जनरेटर मागे होता. भावनाचे टेबल मंचाच्या डाव्या हाताला, माझ्यापासून चाळीस फुटांवर. जोडपी येतील तसे तिने फोटो काढून घेतले. वंदना झाली, लग्ने लागली. मी नवरदेवांना उभे करून शपथ दिली. दारू नाही, खर्रा नाही, बिडी नाही. एकवीस आवाज खणखणीत आले.

मग भाषण. ठरल्याप्रमाणे वीस मिनिटांचे. माझे भाषण लांबले की जिजा पहिल्या रांगेत उभी राहते आणि पिशवी खांद्याला लावते. तीस वर्षांत ही खूण चुकलेली नाही. काल अठराव्या मिनिटाला ती उठली. पण पिशवी न घेता सरळ मंचावर आली आणि हातात चिठ्ठी दिली. भावनाचे अक्षर: "सात झाले. आठवा अडकला. बोलत राहा."

आयुष्यात प्रथमच मला कोणी असे सांगितले.

बोललो. गुलामीवरून शिक्षणावर आलो, शिक्षणावरून धरणावर, धरणावरून कापसाच्या भावावर. निळ्या फेरीचे टिपण वापरून टाकले. स्वयंपाकाकडून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागला आणि मागच्या रांगा चुळबुळू लागल्या. लक्ष्मणरावांनी दोनदा घड्याळ दाखवले. मी त्यांना काळाच्या संकल्पनेबद्दल सांगितले. दुसरी चिठ्ठी आली: "बोलत राहा."

पन्नासाव्या मिनिटाला व्यसनावर परत आलो. बोलता बोलता पाहिले, भावनाने यंत्राचे झाकण उघडले होते. कापूस संपला असावा. तिने आपल्या पांढऱ्या ओढणीचे टोक ओले केले आणि रोलर पुसला. मग ओढणी वर उचलून उजेडात धरली.

टोक तपकिरी झाले होते.

चाळीस फुटांवरूनही मी तो रंग ओळखला. तेरा वर्षे रोज तो माझ्या धोतराला, रुमालाला, उशीला लागतो आहे. त्या क्षणी मी "व्यसन माणसाच्या हाताला कळू न देता" इथपर्यंत आलो होतो, आणि माझा उजवा हात बंडीच्या आतल्या खिशात, डबीवर होता. तो तिथे कधी गेला मला माहीत नाही. समोरचे बांधकाम, वीजमंडळ, कूलर, ओलावा. यातले काहीच कारण नव्हते. मी होतो.

मग तिने पिशवीतून एक सीलबंद पाकीट काढले. ते तिने माझ्यापासून लपवून आणले होते. तीन ट्रे भरलेले असताना ती ते पाकीट फोडत होती. सकाळी ती भारावलेली नव्हती, हे मला तेव्हा कळले.

लक्ष्मणराव टेबलापाशी जाऊन विचारताना दिसले. परत येऊन त्यांनी माझ्या हातून माईकच घेतला. "मंडळी, विलंबाबद्दल माफी. कागदाले कसर लागू नये म्हणून सरांनी त्यात कडुनिंबाची पूड टाकली होती. लायब्ररीचा संस्कार! तीच मशीनमध्ये गेली. भावनाताईंनी आत्ताच सांगतलं." टाळ्या पडल्या.

मी भावनाकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मान खाली घालून कागद लावत होती. माझी पोरगी, जिला मी खोटे न बोलण्याचे संस्कार दिले, ती माझ्यासाठी तीनशे लोकांत खोटे बोलली, आणि माझ्यापेक्षा कितीतरी कमी शब्दांत.

माईक परत घेतला. म्हणालो, "ती कडुनिंबाची पूड नाही. ती माझी तपकीर आहे. तेरा वर्षांपासून ओढतो. आत्ता तुम्हाला शपथ देताना ती माझ्या खिशात होती." आणि डबी काढून टेबलावर ठेवली.

इतकी वर्षे या वहीतही मी तिला औषध लिहीत आलो. तपकीर हा शब्द मी पहिल्यांदा बोललो तो माईकवर.

जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा मला उभ्या आयुष्यात मिळालेला नाही. लोकांना तो दृष्टांत वाटला. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. लक्ष्मणराव भरल्या आवाजात म्हणाले, "पाहा! पोराहिच्या मनातलं पाप सरांनी आपल्या अंगावर घेऊन दाखवलं!" मी म्हणालो, "नाही हो, खरंच माझी आहे." आणखी टाळ्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक नवरदेव उठला. मंचावर आला, खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, माझ्या डबीशेजारी ठेवली आणि खाली मान घालून परत गेला. त्याच्या नवरीने त्याच्याकडे असे पाहिले की मला त्याची काळजी वाटली. मग दुसरा आला. मग दोघे एकदम. एकूण नऊ पुड्या जमल्या. शपथ घेऊन जेमतेम तास झाला होता.

त्यात आणखी वेळ गेला, हे बरे झाले. जिजा शेवटची चिठ्ठी घेऊन आली: "एकवीस झाले. आता थांबा."

थांबलो.

आठव्या जोडप्याचा फोटो मी भरलेल्या कागदावरच निघाला. नवरदेवाच्या कपाळावर बारीक ठिपका होता. भावना दुसरा छापून देत होती, पण नवरी म्हणाली, "राहू द्या ताई. याची पुडी त्या टेबलावर मीच पाह्यली. हा ठिपका घरात लावतो."

परतीच्या गाडीत जिजा म्हणाली, "मले त बारा वर्षांपासून मालूम आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू द्याल तवा ना."

भावना खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असे वाटून मी पाठीवर हात ठेवला. ती हसत होती.

शुक्रवार, ४ मे

भावनाने राजीनामा दिला. माझी चार पाने नेली नाहीत. स्वतः लिहिला, एक ओळ. मी विचारले, कारण काय दिलेस? म्हणाली, "कारण नाई विचारत ते. तारीख विचारतात."

संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "रूपरावकाका भेटले. म्हणाले, खुर्ची चार तारखेपर्यंत कोणीतरी राखून ठेवली होती."

मी चहा प्यालो. गरम होता.

"कोणी ते नाई सांगतलं त्यांनी," ती म्हणाली. "मीही नाई विचारलं."

रविवार, ६ मे

चौथा दिवस. डोके जड आहे. दिवसातून दहा वेळा हात खिशात जातो आणि रिकामा परत येतो. डबी लक्ष्मणरावांनी पुड्यांसोबत ठेवून घेतली आहे, पुढच्या मेळाव्यात मांडणार म्हणतात. दृष्टांत म्हणून.

आतल्या खोलीच्या दारावर भावनाने पाटी लावली आहे: "कागदाला हात लावण्याआधी हात धुवावेत." आतल्या खोलीत गिऱ्हाईक येत नाही.

दुपारी तिला हिंगणघाटहून एका बारशाचे काम आले. ती फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिने नवे पाकीट उचलले आणि माझ्यापुढे ठेवले. फोन चालूच होता. मला वाटले चुकून ठेवले. मी हललो नाही. तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "दहाच लावा, बाबा."

मोरीवर जाऊन हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत. पुसून, वाळवून, परत आलो. पाकीट फोडले, गड्डी फुलवली, कडेने धरून दहा कागद ट्रेमध्ये लावले. चमकती बाजू वर.

कागद आत गेला. पिवळा झाला. गुलाबी झाला. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

निळा वेळेवर आला.